दोन हात वाट

प्रत्येक नगराला लोकांनीं दिलेली एखादी पदवी असते. आमच्या पुण्यास अशा पदव्या पुष्कळ मिळाल्या. विद्येचें माहेरघर ही त्यांतली एक, व सायकलींचें शहर ही दुसरी. पहिली अद्याप भाषणांतून ऐकूं येते; दुसरी मात्र आतां आठवणींच्या लेखांपुरतीच उरली आहे. ती कां गेली, असें कोणास विचारलें म्हणजे ठराविक उत्तर मिळतें: लोकांच्या हातीं पैसा आला, अंगीं आळस शिरला आणि पायडल मारणें नकोसें झालें. हें उत्तर अपुरें आहे, असें आमचें मत आहे. पुणेकरांनीं सायकल टाकली हें खरें. परंतु त्यापूर्वीं रस्त्यानें सायकलस्वारास टाकलें होतें, हेंहि तितकेंच खरें. या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपल्या घराघरांतून व्हावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आम्ही लहान होतों तेव्हां सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत आमचें एकत्र कुटुंब राहत असे. वाड्यांत बिऱ्हाडें नऊ आणि सायकली अकरा. तेल पिऊन चालणारें वाहन एकहि नव्हतें. वडील सायकलीनें कचेरी गांठीत, काका सायकलीनें शाळेंत शिकवावयास जात, दूधवाला, पोस्टमन आणि सत्यनारायण सांगावयास येणारे गुरुजी हेहि सायकलीवरूनच येत. सायकलीवर म्युनिसिपालिटीचा कर असे व तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळे. रात्रीं दिवा नसला किंवा पाठीमागें कोणास बसविलें, तर चौकांतला पोलीस खालीं उतरावयास लावी. ज्याची स्वतःची सायकल नसे तो कोपऱ्यावरील दुकानांतून तासाच्या हिशेबानें भाड्यानें आणी. आणि ज्या मुलांचे पाय पायडलापर्यंत पोंचत नसत, तीं नळीखालून पाय घालून ती कशीबशी हांकीत. आम्हीहि तसेच शिकलों व गुडघे फोडून घेतले.

आमच्या शाळेच्या वाटेवर त्या काळीं सायकलींसाठीं वेगळी पट्टी आखलेली नव्हती. तरीहि दहा वर्षांचें मूल एकटें सायकलीवरून शाळेंत जाई आणि घरच्यांच्या जिवाला घोर नसे. याचें कारण असें कीं, रस्त्यावर जो तो जवळजवळ सारख्याच गतीनें चाले. टांगा, हातगाडी, सायकल यांच्या वेगांत फारसें अंतर नसे. एकमेकांवर आदळलेच, तर शब्दाला शब्द लागे, फार तर धोतर फाटे. वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची शक्ति दुप्पट होत नाहीं, ती चौपट होते. वेग तिप्पट झाला म्हणजे ती नऊपट होते. हें सूत्र आमच्या शाळेंतलीं मुलें परीक्षेपुरतें पाठ करीत. रस्त्यावर मात्र तें रोजच्या रोज सिद्ध होत असतें. ताशीं पंधरा किलोमीटर वेगानें जाणारें लेकरूं आणि ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी मोटार यांना एकाच पट्टींत सोडणें, म्हणजे कोणाचाच दोष नसतांना अपघाताची तयारी करून ठेवणें होय.

हा बदल एका दिवसांत झाला नाहीं. १९७२ सालीं लूना ही हलकी मोपेड निघाली व पुष्कळ कारकुनांची आणि शिक्षकांची पायडलापासून सुटका झाली. स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहण्याचे दिवसहि पुढें सरले. १९९१ नंतर मोटारी मुबलक झाल्या, कर्जाऊ मिळूं लागल्या. २०१८ सालीं वृत्तपत्रांत आंकडे आले, ते असे कीं, पुण्यांत नोंदलेलीं वाहनें ३६ लक्ष २० हजार असून माणसें सुमारें ३५ लक्ष आहेत. वाहनांनीं माणसांवर मात केल्याची ही सरकारी नोंदच म्हणावयाची. भाषेवरहि या फेरबदलाची छाप पडली आहे. आमच्या लहानपणीं ‘दुचाकी’ म्हणजे सायकल; आज ‘दुचाकी’ म्हटलें कीं यंत्रावर चालणारें वाहनच डोळ्यांपुढें येतें. सायकलीची वाट गेली, तिच्याबरोबर तिचें नांवहि गेलें.

सायकल म्हणजे गरिबाचें वाहन, एवढाच तिचा अर्थ आमच्या घरीं कधीं नव्हता. आमच्या आत्याबाई १९५२ सालीं पेठेंतून नदीपलीकडील कॉलेजांत सायकलीनें जात. नऊवारी लुगडें सांवरून त्या निघाल्या म्हणजे आळींतल्या खिडक्या उघडत व ‘मुलीला लगाम उरला नाहीं’ असे उद्गार आजीच्या कानीं येत. आजोबा एवढेंच म्हणत, “तिला उशीर होतो आहे, बोलणारांना होत नाहीं.” त्या सायकलीवर आत्याबाईंनीं पदवी घेतली, पुढें नोकरी केली, दोन धाकट्या बहिणींचीं शिक्षणें पार पाडलीं. कोणी पोंचवावयास नको, कोणी आणावयास नको, ही सोय लहान नव्हे. मुलीच्या जातीला तर ती निम्मी विद्याच होय.

आतां गेल्या वर्षींची हकीकत. आम्ही दोघे बंधु व आमचीं मुलेंनातवंडें आतां नदीपलीकडे, एकाच मजल्यावरच्या दोन जोडून घेतलेल्या सदनिकांत राहतों. आमची थोरली नात बारा वर्षांची, सातवींत शिकणारी. शाळा घरापासून साडेतीन किलोमीटर. एके दिवशीं रात्रीचीं पानें वाढलीं असतां ती म्हणाली, “आजोबा, मला शाळेची व्हॅन नको. मी सायकलनें जाऊं?” पंगतींत एकदम शांतता पसरली. सूनबाई म्हणाल्या, “अण्णा, तिला तुम्हीच समजावून सांगा.” चिरंजीव म्हणाले, “अण्णा, ती नीट चालवील, याची मला खात्री आहे. पण पाठीमागून येणाऱ्याची खात्री कोण देणार?” आत्याबाईंची गोष्ट त्या घरांत सर्वांस ठाऊक होती, म्हणून कोणी उघड ‘नाहीं’ म्हणेना; आणि तो रस्ताहि सर्वांस ठाऊक होता, म्हणून कोणी ‘हो’ म्हणेना. आत्याला लोकांच्या जिभेनें अडविलें होतें. नातीला लोकांच्या चाकांनीं अडविलें. जीभ सोसतां येते. चाक सोसतां येत नाहीं.

आम्हीं निकाल राखून ठेविला व ‘आधीं वाट पाहूं, मग बोलूं’ असें सांगितलें. दुसऱ्या दिवसापासून सतत तीन दिवस, शाळेच्या वेळीं, वही व पेन्सिल घेऊन आम्ही आणि नात त्या वाटेनें पायीं गेलों. वाटेवर सायकलमार्ग आहे. नाहीं असें नाहीं. आरंभींचीं तीनशें पावलें तो इतका सुरेख आहे कीं, पाहणारास समाधान वाटावें: रंगीत फरशी, कडेला दगड, मध्यें सायकलीचें चित्र. त्यानंतर त्याच्या मधोमध विजेची पेटी उभी आहे. पुढें एका उपाहारगृहाच्या गिऱ्हाइकांच्या स्कूटरी, मग एका इमारतीनें आपल्या मोटारी आंत घेण्यासाठीं केलेला उतार, मग फरशीच्या वर चार बोटें आलेलीं गटाराचीं झांकणें, मग मार्गाच्या वाटेंतच उभारलेला बसथांबा, आणि जेथें खरी गरज तेथें, म्हणजे मोठ्या चौकांत, तो मार्ग नदी वाळवंटांत लुप्त व्हावी तसा नाहींसा होतो. चौकापलीकडे पुन्हां उगवतो. आम्हीं अशा नऊ अडचणी लिहून घेतल्या. नात म्हणाली, “आजोबा, हा रस्ता सायकलचा आहे कीं सायकल सोडून सगळ्यांचा?” आम्ही निरुत्तर झालों.

तिसऱ्या दिवशीं एक मोटार त्या मार्गावर उभी दिसली. मालक आमच्या परिचयाचे, सुविद्य, समाजकार्यांत भाग घेणारे गृहस्थ. आम्हांस पाहून ते हंसून म्हणाले, “गुरुजी, पांचच मिनिटांसाठीं लावली आहे.” तें खोटें नव्हतें. पांच मिनिटांनीं ते गेले व त्यांच्या जागीं दुसरे पांच मिनिटांचे गृहस्थ आले. दिवसभराच्या अशा पांच पांच मिनिटांची बेरीज केली म्हणजे पूर्ण दिवस होतो.

त्या रात्रीं आम्हीं कौटिल्याचें अर्थशास्त्र काढलें. आमच्या शालेय शिक्षणाची मजल मॅट्रिकपर्यंतच गेली. परंतु पाठशाळेंत लागलेली संस्कृत ग्रंथांची गोडी अद्याप सुटलेली नाहीं. दुसऱ्या अधिकरणांत दुर्गनिवेशाचें प्रकरण आहे. नगर कसें वसवावें हें सांगतांना ग्रंथकार रस्त्यांच्या रुंद्या देतो, आणि एकच रस्ता सर्वांना पुरेल, असें तो मानीत नाहीं. रथासाठीं पांच अरत्नि, गुरांसाठीं चार अरत्नि, आणि लहान जनावरें व माणसें यांच्यासाठीं दोन अरत्नि, अशा निरनिराळ्या वाटा तो सांगतो. अरत्नि म्हणजे चोवीस अंगुळें, आपला एक हात. दोन हात म्हणजे तीन फूट. एवढी वाट पायीं चालणाऱ्या माणसाच्या हक्काची. तिसऱ्या अधिकरणांत तर, ही दोन हातांची वाट जो अडवील त्याला बारा पण दंड सांगितला आहे. प्राचीन काळीं सर्व गोष्टी उत्तम होत्या, असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हों. त्याच ग्रंथांत आज कोणासहि न रुचणारे कितीतरी नियम आहेत. परंतु वेगवान् व मंद यांना वेगळी वाट द्यावी, आणि दुबळ्याची वाट अडविणें हा अपराध समजावा, हीं दोन तत्त्वें आपल्याला परकीयांकडून उसनीं आणावीं लागत नाहींत, एवढेंच आमचें म्हणणें.

आजच्या कायद्याच्या व योजनांच्या कागदांतहि हीं तत्त्वें आहेत. १९३४ सालीं स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्त्यांचे दंडक ठरवितें. तिनें सायकलमार्गाचा दंडक १९६२ सालीं प्रथम प्रसिद्ध केला व २०१५ सालीं सुधारला. हा मार्ग दोन मीटरांहून अरुंद नसावा, असें ती सांगते. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणांत, रस्त्यांवरून वाहनें नव्हे तर माणसें हालावयाचीं आहेत, अशी भूमिका घेतली आहे. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत पुण्यांत कात्रज, स्वारगेट, हडपसर या वाटेवर बसगाड्यांसाठीं स्वतंत्र मार्ग सुरू झाला व त्याच्या कडेनें सायकलमार्गहि बांधले गेले. २०१७ सालीं महानगरपालिकेच्या सभेनें संपूर्ण शहरासाठीं सायकल आराखडा संमत केला. त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठाच्या आवारांत व औंध भागांत भाड्याच्या सायकली आल्या. त्या रस्तोरस्तीं दिसूं लागल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन झाला. त्या दिवशीं वाहनें बाजूस ठेवल्यामुळें, एरवीं अंग चोरून चालणारीं माणसें रस्त्याच्या मधोमध निर्धास्त हिंडलीं, मुलें खेळलीं, आणि व्यापारहि बुडाला नाहीं.

म्हणजे ज्ञान आहे, धोरण आहे, आराखडा आहे, प्रयोगहि झाले आहेत. मग उणें काय? आम्हांस वाटतें, उणें आहे तें अखंडत्व. सायकलीच्या साखळींत शंभराहून अधिक कड्या असतात. त्यांतली एकच कडी तुटली म्हणजे बाकीच्या कड्या शाबूत आहेत याचें स्वारास कांहींच सुख नसतें. सायकलमार्गाचें तसेंच आहे. नव्याण्णव हात उत्तम आणि एक हात विजेची पेटी, असा मार्ग शंभर हातांचा ठरत नाहीं. कारण त्या पेटीपाशीं मुलाला वळून मोटारींच्या गर्दींत उतरावें लागतें, आणि एकदां मोटारींतच उतरावयाचें तर आधींच्या नव्याण्णव हातांचा उपयोग काय? किती किलोमीटर बांधले, हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. बारा वर्षांचें मूल घरापासून शाळेपर्यंत एकदांहि न उतरतां व एकदांहि न भितां पोंचतें कीं नाहीं, हाच खरा हिशेब.

आम्हीं अर्ज लिहिला. नातीनें वाटेचा नकाशा काढला व नऊ अडचणींना तांबडे आंकडे घातले. ज्या कचेरींत तो दिला, तेथील तरुण अधिकारी विनयशील होते. त्यांनीं आम्हांस बसावयास खुर्ची दिली, नकाशा नीट पाहिला, आणि समजावून सांगितलें कीं, पेटी विजेच्या खात्याची, थांबा बसच्या खात्याचा, उभ्या गाड्या पोलिसांकडे, झांकणें गटारवाल्यांकडे, आणि केवळ फरशी तेवढी त्यांची. नात हळूच म्हणाली, “मग सायकल कोणाची?” साहेब हंसले, पण त्यांनीं तें कागदावर टिपून घेतलें, असें आम्हीं पाहिलें. अडीच महिन्यांनीं गटाराचीं दोन झांकणें समतल झालीं आणि एक खांब हालला. नवांतून तीन गेले, सहा राहिले. निराश होण्यासारखें यांत कांहीं नाहीं. स्वस्थ बसण्यासारखेंहि नाहीं.

दरम्यान नातीचें काय? रस्ता निर्दोष होईपर्यंत थांबावें, तर तिची मॅट्रिक होऊन जाईल. शेजारच्या दोन घरांतलीं मुलें त्याच शाळेंत जातात. तिन्ही घरांनीं बसून असें ठरविलें कीं, पांचहि मुलांनीं मिळून निघावें, मोठ्या रस्त्याऐवजीं शक्य तेथें आंतल्या गल्ल्यांनीं जावें, मोठ्या चौकांत सर्वांनीं उतरून सायकली हातांत धरून ओलांडावें, आणि आरंभीं रोज एका वडील माणसानें सायकलीवरूनच बरोबर जावें. मुलांनीं या मिरवणुकीला ‘दिंडी’ असें नांव दिलें. सोमवार आमचा, गुरुवार चिरंजीवांचा. पहिल्या गुरुवारीं परत आल्यावर चिरंजीव पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “अण्णा, दहा वर्षें मी या रस्त्यानें गाडींतून जातों आहे. आज तो मला प्रथम दिसला.” त्या दिवसापासून, आपली मोटार रस्त्याच्या कडेला लावण्यापूर्वीं ते खालीं वांकून पाहतात. आमच्या तीन महिन्यांच्या खटपटीचें सर्वांत मोठें फळ तें हेंच, असें आम्ही समजतों. भीति अद्याप गेलेली नाहीं. साडेबाराचे पावणेएक झाले कीं सूनबाई गच्चींत येऊन उभ्या राहतात.

ही भीति अटळ आहे, असें कोणीं मानूं नये. हॉलंड देशाचें उदाहरण सर्वांच्या तोंडीं असतें. तेथील लोक जन्मतःच सायकलस्वार, आपलें तसें नाहीं, असेंहि म्हटलें जातें. परंतु महायुद्धानंतर तेथेंहि मोटारींनीं रस्ते व्यापले व सायकली हटत गेल्या. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां तेथील आईबाप रस्त्यावर आले, मुलांचे बळी थांबवा अशी चळवळ त्यांनीं उभारली. १९७३ सालीं तेलाची टंचाई होऊन रविवारीं मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो, हें लोकांस दिसलें. पुढें तीस चाळीस वर्षें एक एक चौक दुरुस्त होत गेला. उट्रेख्ट शहरांत २०१९ सालीं पूर्ण झालेल्या सायकलतळांत साडेबारा हजार सायकली राहतात. तो तळ त्या आईबापांच्या हट्टाचें फळ आहे, रक्तांतल्या गुणाचें नव्हे. आपल्या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. हट्ट धरण्याला याहून अधिक कारण कशाला हवें?

वाचकहो, आपण शिकलेलीं माणसें. सभेंत ठराव मांडावे, वृत्तपत्रांत पत्रें लिहावीं, हें आपल्याला साधतें, आणि तें करावेंच. निवडणुकीच्या वेळीं उमेदवार दारीं आला म्हणजे, किती रस्ते रुंद केले असें न विचारतां, माझें मूल कोणत्या रस्त्यानें एकटें जाईल असें विचारावें. परंतु त्याआधीं एक लहानसें काम घरचें आहे. एकत्र कुटुंबांत आज दोन मोटारी आणि तीन स्कूटरी सहज असतात. त्या रात्रीं कोठें उभ्या राहतात, याचा शोध कुटुंबांतील कर्त्या माणसानें एकदां घ्यावा. त्यांतली एखादी फुटपाथावर किंवा सायकलमार्गावर उभी असेल, तर ती उद्यां सकाळीं नऊच्या आंत हालवावी. त्याला कोणाची मंजुरी लागत नाहीं, निविदा काढावी लागत नाहीं, आणि खर्चहि येत नाहीं. मोकळी होईल ती दोन हात वाट. परंतु मुलाला शाळेंत जावयास तेवढी पुरते.